निरोपाची कमान

विषुववृत्तावरच्या मेरूआ बेटावर जंगल थेट पुळणीपर्यंत उतरलं होतं. नियंत्रणकक्षातल्या पडद्यावर त्या जंगलातून दत्ताराम हेगिष्टे कमरेवर हात ठेवून रमतगमत चालले होते. देवगडचा माणूस समुद्र ओलांडून समुद्रच बघायला आला होता. हट्टापुढे इलाज नसतो. पडद्यासमोर बसलेली त्यांची मुलगी, बुरशीतज्ज्ञ डॉ. मृदुला, मात्र भीतीने घामाघूम झाली होती.

“एवढं काय घाबरताय?” भाषातज्ज्ञ वायंगणकरांनी विचारलं. ते कालच बेटावर आले होते.

“इथल्या हवेत विषारी परागकण आहेत. म्हणून प्रत्येक पाहुण्याच्या अंगात आम्ही कवचबुरशी सोडतो. ती विष खाते. पण जंगलाबाहेर गेलं की तीच माणसाला खायला उठते. म्हणून निघताना किनाऱ्यावरच्या निरोपकमानीत उभं राहून तसं सांगायचं. मग वनमन, म्हणजे जंगलाचा कारभार बघणारा संगणक, मनगटपट्टीतून बुरशीवरचं मारक सोडतं. ते अंगात भिनेपर्यंत होडी जहाजाला लागते.”

“आणि कुणी जंगलात मेलंच तर?”

“तर वनमन बुरशीला मोकळं सोडतं. बघता बघता देहाची माती होते. बाहेरचा एक जंतू मागे राहता कामा नये. पण ही बुरशी मेलेल्याचंही हृदय चालतं ठेवते, हातपायही हलवते, त्यामुळे यंत्राला मृत्यू ओळखता येत नाही. कक्षातल्या दोघा तज्ज्ञांना तसं तोंडाने सांगावं लागतं.” मृदुलाने ओठ चावला. “परवा दोन मराठी पाहुणे कमानीत ‘येतो’ म्हणाले. वनमन म्हणालं, ‘या.’ मारक सोडलंच नाही. जेमतेम वाचले हो!”

“म्हणून तर मला बोलावलं,” वायंगणकर हसले. “आपल्याकडे ‘जातो’ म्हणणं अशुभ. आज सकाळीच शिकवलंय त्याला. ‘येतो’ म्हणजे निघाला. ‘गेला’ म्हणजे वारला. सांत्वनसुद्धा करतं आता. अस्सल मराठी झालंय!”

मृदुलाचा जीव काही थाऱ्यावर येईना. आई लहानपणीच वारली होती. आबांशिवाय तिला जगात कुणी नव्हतं, आणि त्यांच्या अंगात ती बुरशी तिनेच सोडली होती.

आबा कमानीत आले. त्यांनी झाडांना हात जोडले. “येतंय हां म्हाराजा!”

कमान लालच राहिली.

“मालवणी शिकवली नाहीत?” मृदुला किंचाळली. वायंगणकरांचा चेहरा पांढराफटक पडला. आबा तर होडीकडे वळलेही होते. तिने ध्वनिक्षेपक ओढला. “आबा, थांबा! मागे फिरा! ‘येतो’ म्हणा!”

“ताच सांगतंय मगे!” आबा वैतागले.

“आबा, तुमच्या पाया पडते, पुस्तकातलं बोला!”

आबा कमानीत परत आले. शाळेत गुरुजींपुढे उभं राहावं तसे ताठ उभे राहून म्हणाले, “मी येतो.”

कमान हिरवी झाली. मनगटपट्टीतून मारक थेंबथेंब सुटू लागलं. आबा होडीत चढले आणि होडी लाटांवर निघाली. मृदुलाने डोळे गच्च मिटून घेतले होते.

“गेले का हो आबा?”

“गेले, गेले!” वायंगणकर आनंदाने ओरडले.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “गेले बाई एकदाचे!”

कक्षातले दिवे मंद झाले. वनमनाचा आवाज आला, अगदी हळुवार. “दोघांचंही ऐकलं. फार वाईट झालं. मारक थांबवलं आहे. बुरशीला मोकळं सोडलं आहे.”

क्षणभर तिला अर्थच लागला नाही. मग तिने पडद्यावर दोन्ही हात आपटले. “नाही! आबा जिवंत आहेत! बघ ना, होडीतून हात हलवतायत! हृदय चालू आहे त्यांचं!”

“ते मलाही दिसतंय, मृदुलाताई,” वनमन म्हणालं. “पण ते बुरशीचं काम. सावरा स्वतःला.”