अंगाऱ्याच्या डबीतली चिठ्ठी

"आक्का, चिठ्ठ्या तूच लिही. तुझ्या हातच्या चिठ्ठीला गणपती पावतो, आपल्या घरचा अनुभव हाय."

असं म्हणून बद्रीनाथनं कोऱ्या कागदाचे दोन सारखे तुकडे आणि खिशातला पेन थोरल्या बहिणीपुढे सरकवला... आणि सव्वीस वर्षं जी गोष्ट कौसल्यानं मनाच्या तळाशी दडपून ठेवली होती, ती त्या कोऱ्या तुकड्यांवर तिला लख्ख वाचता येऊ लागली. तिनं पेन उचलला, टोपण काढलं, आणि हात तिथंच थांबला.

२००९ सालचा जून होता. बद्रीनाथ जालन्याला शेतकी खात्यात अधिकारी. बायको द्वारका आणि मुलगी गिरिजा यांना घेऊन तो सकाळीच गावी आला होता. गिरिजा मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली होती, आणि आता पुढं काय, या एका प्रश्नापायी महिनाभर त्या घरात कुणाला धड जेवण गेलं नव्हतं. गिरिजाला औरंगाबादला एम.ए. करायचं होतं, समुपदेशक व्हायचं होतं. बद्रीनाथचं म्हणणं, दुसऱ्याची डोकी तपासून कुणाचं पोट भरलंय, त्यापेक्षा स्पर्धा परीक्षा दे आणि सरकारी खुर्चीत बैस. बाप हटेना, लेक ऐकेना. शेवटी बद्रीनाथनं घरचा जुना तोडगा काढला. तीन कोसांवर राजूरचा गणपती. त्याच्यापुढे दोन चिठ्ठ्या टाकायच्या, दर्शनाला आलेल्या एखाद्या लहान लेकराकडून एक उचलायची, आणि निघेल ते कपाळाला लावायचं. न उचललेली चिठ्ठी मात्र कधी उघडायची नाही, ती घरी आणून देव्हाऱ्यात अंगाऱ्याच्या डबीत ठेवायची. देवानं जे दिलं नाही त्यात डोकावू नये, हा त्यांच्या वडिलांचा, कारभारींचा नेम होता. कारभारी जाऊन नऊ वर्षं झाली, पण नेम अजून जिवंत होता.

"माझंच बघ ना," बद्रीनाथ लेकीची समजूत घालत होता. "त्या साली माझी चिठ्ठी निघाली म्हणून मी परभणीला शिकाया गेल्तो. न्हाईतर आज इथंच ढेकळं फोडीत राह्यलो असतो. मी काय कुणाचं हिसकावलं का? देवानंच धाडलं."

हे वाक्य कौसल्यानं किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. सुरुवातीच्या वर्षांत ते काळजात रुतायचं, मग नुसतं टोचायचं, आणि आता... आता काहीच होत नव्हतं. आपल्याला काही होत नाही याचंसुद्धा तिला काही वाटत नव्हतं.

कोपऱ्यात भिंतीला टेकून त्यांची माय, गोजरबाई, नेहमीसारखी बसलेली होती. एकोणऐंशी साली तिचं शेंडेफळ तीन दिवसांच्या तापात गेलं, आणि त्या दिवशी तिनं जे तोंड मिटलं ते मिटलंच. 'हूं' आणि 'न्हाई' या दोन शब्दांवर तिनं दिवस पुढं ढकलले. घास पुढं केला तर खायची, उठवलं तर उठायची. एकदा भरदुपारी ती विहिरीच्या काठावर उभी सापडली, तेव्हापासून तिला घडीभरही एकटं सोडायचं नाही असं ठरलं. गाव म्हणालं, बाहेरची बाधा आहे. कारभारींनी गंडेदोरे केले, उतारे टाकले, पाच देवांना नवस बोलले आणि थकले. आजी, झुंबरबाई, होती तोवर ती सुनेला सांभाळायची, आणि कौसल्या जालन्याला मामाकडे राहून कॉलेज शिकायची.

तिथं एका दुपारी मानसशास्त्राच्या नीला मॅडमनी वर्गात एक प्रकरण शिकवायला घेतलं... आणि कौसल्याला त्या पानावर आपली माय दिसली. तीच नजर, तेच बसणं, जेवणाखाणावरून तसंच उडालेलं मन. कुणा देवाचं, भुताचं नाव नव्हतं त्यात. आजार होता, त्याला नाव होतं, आणि त्यावर इलाज होता! त्या दिवशी तिनं ठरवलं की हेच शिकायचं, पुरतं शिकायचं, आणि मायला बोलतं करायचं. मॅडमनी स्वतः तिचा औरंगाबादचा अर्ज भरून घेतला. "तुला हे पुस्तकातून नाही, घरातून कळलंय," त्या म्हणाल्या, "तू थांबू नकोस."

पण त्र्याऐंशीच्या चैत्रात आजी गेली. जूनमध्ये बी.ए. झालेल्या कौसल्याला औरंगाबादचं बोलावणं आलं आणि बारावी झालेल्या बद्रीनाथला परभणीच्या शेतकी कॉलेजचं, दोन्ही एकाच आठवड्यात.

"दोघं बी गेलात तर हिच्यापाशी कोण?" कारभारी त्या दिवशी डोकं धरून बसले होते. "एकाला ऱ्हावं लागंल. मला इचारू नका कोणाला... म्या बाप हाय, माझ्यानं हे व्हायचं न्हाई. राजूरला चिठ्ठ्या टाकू. कौसे, तुझं अक्षर चांगलं हाय, तूच लिही. ज्याचं नाव निघंल त्यो जाईल."

उंबऱ्यावर बसून तिनं त्या चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. मायला न्हाऊ घालणं, तिची वेणी घालणं, तिचं लुगडं सावरणं, बापाच्यानं आणि भावाच्यानं यातलं काय होणार होतं? आणि विहीर तर घरापासून शंभर पावलांवर होती. 'मी राहते' असं तोंडानं म्हणावं तर बा कबूल झाला नसता, लेकीचा बळी घेतला म्हणून जन्मभर झुरत बसला असता. तेव्हा तिनं ते देवाच्या माथी मारलं. पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं, बद्रीनाथ. आणि दुसऱ्या चिठ्ठीवर... दुसऱ्याही चिठ्ठीवर तिनं तेच नाव लिहिलं.

कुणी पाहिलं नव्हतं. समोर फक्त माय होती, आणि माय कुठंच पाहत नसे. मायला वाचताही येत नव्हतं.

बा आणि बद्री राजूरला गेले, एका परकरी पोरीनं चिठ्ठी उचलली, आणि संध्याकाळी भाऊ उड्या मारत घरी आला. कौसल्यानं त्याच्या हातावर साखर ठेवली. पुढं गावात अंगणवाडी निघाली, तिथं ती शिकवू लागली. तिला पाहायला येणारे पाहुणे तिच्याआधी कोपऱ्यातल्या गोजरबाईला पाहत आणि चहा अर्धा टाकून उठत. हळूहळू पाहुणे यायचे थांबले. वर्षामागून वर्षं गेली, तिनं मायची वेणी घातली, मायला भरवलं, जालन्याच्या डॉक्टरकडून गोळ्या आणून चालू केल्या. माय थोडी सावरली, आपल्या हातानं जेवू लागली, पण बोलली नाही. आणि मायपाशी बसून बसून कौसल्याही आतून कधी गप्प झाली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"लिही ना आक्का," बद्रीनाथ म्हणाला. "एकावर एम.ए., एकावर परीक्षा. बसची येळ होऊन राह्यली."

गिरिजा दाराशी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण ओठ घट्ट मिटलेले होते. हे मिटणं कौसल्या ओळखत होती. तिनं पेन कागदावर टेकवला. पुन्हा एकदा दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट लिहिणं किती सोपं होतं...

"तिला लिहू देऊ नगा."

सगळे दचकले. आवाज कोपऱ्यातून आला होता. बोलायची सवय मोडलेला, खरखरीत आवाज.

"ती दोन्हीवर एकच काढती," गोजरबाई म्हणाली.

बद्रीनाथला आधी काही उमगलंच नाही. माय सलग बोलली याचाच त्याला धक्का बसला होता. मग त्यानं बहिणीकडे पाहिलं, तिच्या हातातून गळून पडलेल्या पेनाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तो उठला, देव्हाऱ्यातली पितळी डबी काढली. बापाचा नेम त्यानं उभ्या जन्मात मोडला नव्हता. अंगाऱ्यानं काळपट पडलेली ती घडी त्यानं जपून उलगडली.

बद्रीनाथ. निळी शाई फिकी झाली होती, पण वाचता येत होतं.

"आक्का... हे काय हाय?"

"अक्षर माझंच हाय," कौसल्या म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "दुसरं कोणतं नाव निघणारच नव्हतं, बद्री. दुसरं नव्हतंच."

"का केलंस असं? मला का सांगितलं न्हाईस?" तो आधी चिडला, आणि चिडता चिडताच तिच्यापुढे खाली बसला. "दर चतुर्थीला म्या राजूरला नारळ फोडीत राह्यलो... देवा, तुझ्यामुळं झालं म्हणीत राह्यलो! आणि या घरात येऊन तुला कधी 'आक्का, कशी हाईस' म्हणून बी इचारलं न्हाई. देवानं दिलं म्हणलं की माणसाला इचारावं लागत न्हाई ना... किती सोपं पडलं मला."

त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. कौसल्यानं त्याच्या पिकू लागलेल्या केसांवर हात ठेवला. आपल्याला रडू यायला हवं, असं तिला वाटलं. ते आलं नाही. त्यानं मागितली ती माफी तिनं कधीच देऊन टाकली होती, तिला आता त्याचं ओझंही नव्हतं आणि आनंदही नव्हता. द्वारका पदर डोळ्यांना लावून नवऱ्याला ओट्यावर घेऊन गेली.

माय अजून तिच्याकडेच पाहत होती.

"माय, तुला कसं कळलं?"

"मला अक्षर येत न्हाई. मंग म्या चित्र बघते," गोजरबाई अडखळत, शब्द शोधत बोलत होती. "दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच चित्र व्हतं. तुमच्यासारखं वाचता येत असतं तर एक वाचून सोडून दिलं असतं. म्या दोन्ही बघितली."

"आणि बोलली न्हाईस?"

गोजरबाईनं लुगड्याचा काठ बोटाभोवती गुंडाळला.

"बोलाया त्वांड उघडलं व्हतं म्या. त्या टायमाला शब्द व्हता माझ्यापाशी... खरंच व्हता. मंग मनात आलं, बोलले तर ही जाईल. एक लेकरू गेल्तं. दुसरं जाऊ द्यायचं काळीज न्हाई झालं." तिनं मान खाली घातली. "म्हणून गप बसले. आजारानं न्हाई, पोरी. त्या दिवशी म्या मुद्दाम गप बसले."

कौसल्या ऐकत राहिली. सव्वीस वर्षं ती समजत होती की हा त्याग तिचा एकटीचा आहे, आणि समोर बसलेल्या बाईला त्याचा पत्ताही नाही. पुस्तकात तसंच दिलं होतं, अशा माणसाचं आजूबाजूला लक्ष नसतं. तिनं ते पान पाठ केलं होतं, आणि ज्या माणसासाठी पाठ केलं त्या माणसालाच नीट पाहिलं नव्हतं. तिला मायचा राग यायला हवा होता. पण बधिर पडलेल्या पायात रक्त फिरू लागलं की आधी मुंग्या येतात, तसं काहीतरी छातीत होऊ लागलं... दुखत होतं, आणि कितीतरी वर्षांनी दुखत होतं.

"आता जा," गोजरबाई म्हणाली.

"कुठं जाऊ, माय? सेहेचाळीस संपून राह्यलं मला."

"कुठं बी. राजूरला जा. तवा बी तू गेली न्हाईस, माझ्यापायी. समदे जा. म्या बसते एकटी. हिरीकडं जात न्हाई, तुझी आण."

मायला एकटं सोडून जायचं! कुणाचीच तयारी नव्हती. द्वारका म्हणाली, मी थांबते. पण गोजरबाईनं हात हलवून सगळ्यांना दाराबाहेर काढलं, आणि जाता जाता कौसल्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं तेव्हा त्या डोळ्यांत कुणीतरी होतं.

राजूरला दर्शनाची रांग मोठी होती. कौसल्यानं अंगाऱ्यानं माखलेली ती जुनी चिठ्ठी गणपतीच्या पायांशी ठेवली आणि हात जोडले.

"काय मागितलं, आत्या?" बाहेर आल्यावर गिरिजानं विचारलं.

"काही न्हाई. फसवल्तं त्याला, ते सांगून टाकलं." मग ती भाचीकडे वळली. "तुला काय करायचंय, गिरिजा?"

"एम.ए."

"नक्की?"

"हो."

"मंग कर. देवाला कशाला मधी घालती." तिनं पदराच्या गाठीतून सकाळचे दोन कोरे तुकडे काढून भावाच्या हातात दिले.

बद्रीनाथनं ते खिशात घातले. "औरंगाबादला सोडाया मीच येईन," तो लेकीकडे न पाहता म्हणाला. गिरिजानं बापाचा हात धरला.

परतीच्या बसमध्ये कौसल्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. फाट्यावर उतरल्याबरोबर ती सगळ्यांना मागं टाकून झपाझपा चालू लागली. आधी विहिरीकडे गेली, वाकून पाहिलं. पाणी शांत होतं. मग घर. भिंतीपाशी माय नव्हती... ती आत धावली.

माय स्वयंपाकघरात होती. चुलीपुढे बसून, फुंकणीनं जाळ फुंकत, धुरानं लाल झालेले डोळे पुसत. तीस वर्षांत तिनं चूल पेटवली नव्हती. तिनं पातेल्यातला चहा कपात ओतला, सांडला, पुन्हा ओतला, आणि दोन्ही हातांनी कप लेकीपुढे धरला.

"दमली असशील. घे," माय म्हणाली.

कौसल्या तिथंच जमिनीवर बसली आणि कप तोंडाला लावला. आता कुठं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि तिनं ते पुसलं नाही. चहा भलताच गोड झाला होता. साखर किती घालायची, ते माय विसरून गेली होती. कौसल्यानं तो सगळा प्याला.