झाकलेला समुद्र

उकंडराव गुरुजींनी मंगरूळपीरला एकतीस वर्षं भूगोल शिकवला. त्यात अरबी समुद्र दरवर्षी यायचा, पण फळ्यावर. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो घरीच आणला. चार फुटी काचेची टाकी, पार्सलनं आलेलं समुद्री मीठ, निळे दिवे, बोटं हलवल्यासारखी हलणारी प्रवाळं आणि दोन नारंगी मासे. गावात नळ आठव्या दिवशी यायचा, समुद्राला मात्र दर रविवारी ताजं पाणी लागायचं. ते त्यांची बायको रंगूबाई शेजारच्या बोअरवरून डोक्यावर आणायची. भरती कुठून येते, हे गुरुजी पाहुण्यांना सांगत नसत.

दुसऱ्या महिन्यात शेवाळ आलं. हिरवं, केसांसारखं, बोटभर लांब. गुरुजींनी ते खरवडलं, गोगलगायी सोडल्या, माशांचं खाणं निम्मं केलं. आठवड्यात ते परत हजर. प्रवाळं मिटून बसली. नागपूरचा दुकानदार फोनवर म्हणाला, "टाकी झाका. तीन दिवस किट्ट अंधार. शेवाळ उपाशी मरतं, प्रवाळं तगतात."

गुरुजींनी गोधडी टाकली. मार्चातली दुपार होती. रंगूबाई अंगणात तुरी पाखडत होती.

"अवो, लाईन गेली काय?"

गुरुजी हसत बाहेर आले. ती सूप हातात धरून, उन्हाकडे तोंड करून बसली होती. डोळे सताड उघडे.

डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारली आणि डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत असं सांगितलं. चौथ्या दिवशी गोधडी निघाली. टाकी लख्ख. मागच्या खोलीतून रंगूबाई म्हणाली, "दिसून राह्यलं जी मले." गुरुजींना दोन्ही गोष्टींचा आनंद झाला, आधी पहिलीचा.

मे महिन्यात शेवाळ परतलं. गोधडी पडली आणि रंगूबाई भिंती चाचपू लागली. गुरुजी शास्त्रीय वृत्तीचे. त्यांनी गोधडीचा एक कोपरा हळूच उचलला, आत डोकावलं आणि कान मागच्या खोलीकडे लावला.

"डाव्या अंगानं जरासं दिसते," ती म्हणाली.

कोपरा सोडला.

"गेलं."

हे त्यांनी सात वेळा केलं. सातव्यांदा खात्री पटली. मग गोधडी चारी बाजूंनी नीट खोचली आणि उरलेले दोन दिवस पुरे केले. प्रयोग अर्धवट सोडलेला त्यांना मुलांचाही चालत नसे.

ऑगस्टात तिसरी खेप. शनिवारी नागपूरहून हौशी मंडळी टाकी पाहायला येणार होती. रंगूबाई दारात आडवी उभी राहिली.

"या खेपेले झाकू नका."

"काहून?"

"दर खेपेले थोडं कमीच वापस येते. या खेपेले नाई आलं तं?"

"तीन दिवसाचा तं सवाल हाये. झोपून काढ," गुरुजी म्हणाले आणि तिच्या बाजूनं वाट काढून आत गेले.

शनिवारी सकाळी गोधडी निघाली आणि मंडळी आली. वाहवा झाली. फोटो निघाले. सगळे गेल्यावर गुरुजी काचेला नाक लावून आपला समुद्र पाहत उभे राहिले.

"सदऱ्याची गुंडी तुटली तुमची," मागच्या खोलीतून आवाज आला.

गुंडी तुटलेली होती. त्या खोलीतून टाकीचा हॉल दिसत नाही. गुरुजी आत गेले. रंगूबाई भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसली होती. त्यांनी तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणी लवली नाही.

"आत्ता तं समोर होते. कुठी गेले? आता निस्ते मासे दिसून राह्यले." मग ती म्हणाली, "त्या दिवशी गोधडीच्या कोपऱ्यातून पाह्यलं मी तुमाले. सात खेपा. हासून राह्यले होते तुमी."

गुरुजी दोन दिवस हॉलमध्ये फिरकले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी टाकी शेलूबाजारच्या फुलसिंगला देऊन टाकली. त्याचं हायवेवर हॉटेल होतं. शोभा येईल म्हणाले. टाकी जीपमधून निघाली तेव्हा रंगूबाईनं घरात बसल्या जागी खाटेच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या.

"लय हालते जी."

आता ती दिवसभर सांगत बसते. हॉटेलात कोण आलं, कोणी काय खाल्लं. एखाद्यानं काचेवर बोट आपटलं की दचकून मागे सरते. गुरुजी पेपर वाचतात.

परवा दुपारी फुलसिंगचा फोन आला.

"गुरुजी, लय हिरवं चढलं काचीवर. गिऱ्हाईक नाकं मुरडून राह्यले. काय करू?"

"तुमालेच फोन लावला त्यानं," रंगूबाई भिंतीकडे पाहत म्हणाली. "काउंटरवर उभा हाये. त्याले झाकू नको म्हना."

गुरुजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"झाकून टाक."

"किती दिवस?"

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं.

"मी सांगतो तवा काढ," ते म्हणाले.

फोन ठेवला.

"चादर घेऊन आला," रंगूबाई म्हणाली. "फुलाफुलाची हाये."

मग जरा वेळानं, अगदी हळू,

"उलटी टाकून राह्यला. फुलं आतून आली."