अकरानं भाग जाणारी म्हस

लाळ-खुरकुताची लस टोचायला नवा माणूस येणार, एवढंच सोनमला ठाऊक होतं. तो असा तरणाताठा असेल, आणि म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला मारण्याआधी तिच्या कपाळावरून हळूच हात फिरवेल, हे कुणी सांगितलं नव्हतं.

बिल्ल्यावर बारा आकडे. तो वहीत उतरवत होता... ३४०१२७५८९४६१. बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या सोनमला राहवेना.

"अकरानं भाग जातोय ह्याला."

त्यानं मान वर केली. "नुसतं बघून?"

"एक सोडून एक आकडा मिळवायचा. पंचवीस. राहिलेल्यांची बेरीज बी पंचवीस. सारख्या आल्या की अकरानं भाग गेलाच."

त्यानं मोबाईलवर भागून पाहिलं. मग बिल्ला सोडून तिच्याकडंच बघत राहिला.

"मी जयराज. कडेगावचा." तिनं विचारलंच नव्हतं! पुढच्या डोसची आठवण द्यायला त्यानं नंबर मागितला, तर तिनं बांचा सोडून स्वतःचा सांगितला.

महिना गेला. फोन काही आला नाही.

आणि एका दुपारी म्हस दावं तोडून गेली. घरात तेवढी एकच. सोनमचे बा धुळा दोन दिवस औंधच्या आसपास गावोगाव हिंडत होते. आई बयाबाई रिकाम्या दावणीपाशी बसून. अन्नाचा कण पोटात नाही.

तिसऱ्या सकाळी फोन वाजला.

"मी जयराज. कडेगावच्या अलीकडं उसात एक म्हस घावलीय. पर बिल्ला तुटलाय... शेवटनं तिसरा आकडा गेलाय. बाकीचे सांगू?"

सोनमनं अंगणातच काडीनं आकडे ओढले. एका बाजूला पंचवीस. दुसरीकडं एकवीसच...

"चार! चार टाकून बघा!"

नोंद वाचल्यासारखं तो म्हणाला, "धुळा, औंध. तुमचीच हाय."

सोनमनं आईला मिठी मारली. बयाबाई पदरात तोंड घालून रडली, नाक पुसलं, आणि म्हणाली, "भाकरी हाय का गं?"

दिवस कलता जयराज टेंपोतून म्हस घेऊन आला. बयाबाई तिला कुरवाळत बसली. सोनमनं त्याला चहा दिला. कप त्याच्या हातातच राहिला.

"रागावणार नसाल तर... एक सांगू?"

"सांगा की."

"मोबाईलच्या नोंदीत शून्यापासनं एकेक आकडा टाकून बघितला हुता. चारावर तुमच्या बांचं नाव आलं. मगच फोन लावला."

"म्हंजी... ठाऊक हुतं तुमाला?"

"व्हय. महिनाभर फोन हातात घेत हुतो. काय निमित्त सांगावं, सुचंना. डोसाला तर सा महिने!"

सोनमनं रागवायला बघितलं. जमेना. तो विसरला असं महिनाभर मनाला समजावत होती ती. छातीवरचा दगडच उतरला.

"परत फोन करायचा झाला, तर म्हस हरवायची वाट बघू नका," ती म्हणाली.

तो हसला. "मग उद्या करू?"

"उद्या कशाला?" सोनमनं त्याच्या हातातला निवलेला कप काढून घेतला. "घरी पोचल्या पोचल्या करा."