बारा पंचांचं चित्र

विक्रांतला जुन्या चित्रांचं वेड होतं, आणि वेडाला औषध नसतं. नानाखेड्याच्या फ्लॅटमध्ये भिंत मोकळी हवी म्हणून त्याने फ्रिज बाल्कनीत नेऊन ठेवला होता. त्याची बायको देवश्री गणिताची शिक्षिका. तिने या वेडापुढे कधीच हात टेकले होते.

त्याचा जीव अडकला होता तो तिच्या माहेरच्या चित्रात. कडुलिंबाखाली बसलेले बारा पंच, सगळ्यांचे हात मांडीवर. रामघाटामागच्या गल्लीतल्या बारा मराठी घरांची ती सामाईक वस्तू. विकायची तर घरटी एक उजवा हात वर करायचा आणि बहुमत होईल ते मानायचं, असा तिथला रिवाज. देवश्रीच्या माहेरी आता तीच उरली होती, म्हणून एक हात तिचाही.

"लोकशाहीलाही भाव असतोच," विक्रांत म्हणाला. त्याने कुणाला कूलर दिला, कुणाला टीव्ही. "इलेक्शनला कंबल घेतोच ना आपण," वसंत प्लंबर हसला, "मग यात काय बिगडतं?" देवश्रीला काश्मीरची सहल कबूल झाली. अकरा हात वर गेले. बाराव्या घरचे म्हातारे बापू तेवढे मान खाली घालून बसून राहिले.

चित्र घरी आलं. चौथ्या दिवशी एका पंचाचा उजवा हात वर दिसला. आपलंच आधी लक्ष नसेल, असं विक्रांतला वाटलं. दुसऱ्या दिवशी तीन हात वर. त्याने मोबाइलमधले चित्राचे जुने फोटो उघडून पाहिले. त्यात सगळे हात मांडीवर होते.

संध्याकाळी वसंतचा फोन आला. "भाऊ, खांदा जाम झालाय. हात उठतच नाहीये."

आठवड्याभरात अकरा हात वर झाले. त्या सकाळी देवश्री वेणी घालता घालता थांबली.

"विक्रांत, माझा हात वर जात नाहीये."

एक्स-रे झाला, एमआरआय झाला. सगळं नॉर्मल. ती फळ्याकडे पाठ करून तोंडी गणित शिकवू लागली. "ते परत देऊन टाक," ती रोज म्हणायची. तरी या पठ्ठ्याने पंधरा दिवस काढले. मग एकदा तिचा दंड हातात धरला, तर तो मनगटाएवढा बारीक लागला. विक्रांत ढसाढसा रडला.

दुपारी गल्लीत सगळे जमले. चादरीत झाकलेलं चित्र खाटेवर आडवं ठेवलं होतं.

"फुकट घ्या, बापू! वरून मागाल ते देतो."

"परत घ्यायचं तरी रिवाज तोच, जावईबुवा." बापूंनी सगळ्यांकडे पाहिलं. "घ्यायच्या बाजूने?"

बापूंचा हात वर गेला. बाकीचे नुसते घामाघूम झाले. देवश्रीने दातांत ओठ धरला. वसंतने डावा हात वर केला.

"डावा मोजत नाहीत," बापू म्हणाले.

विक्रांतने देवश्रीचं मनगट धरून वर उचललं.

"दुसऱ्याने उचललेलाही नाही."

मग सवयीने त्यांनी विचारलं, "विरोधात?"

कुणीच हललं नाही.

चादर हलली.

एका जागी ती खालून वर आली. मग शेजारी. मग आणखी.

बापू ओठांतल्या ओठांत मोजत होते. "अकरा," ते म्हणाले.

देवश्रीने पुढे होऊन डाव्या हाताने चादर दाबली.

खालच्या बोटांनी तिची बोटं धरली, आणि अंगठ्याने हळूहळू कुरवाळायला सुरुवात केली.