मागच्या दाराची साखळी

ही ऐकीव गोष्ट नाही. प्रियदर्शिनी माझी सख्खी मामेबहीण. भुताखेतांचं नाव काढलं की समोरच्याला चार शब्द सुनावणारी. "आपण बुद्धाची माणसं, असलं काही मानायचं नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि हे घडलं ते तिच्याच बाबतीत.

रात्रही नव्हती हो. भर दुपार होती.

२०१६ सालचा वेसाक डे, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. सिंगापुरात जुरोंग ईस्टच्या बाजूला एक भलंमोठं विहार आहे, तिथला वरच्या मजल्यावरचा हॉल. मराठी मंडळींचा कार्यक्रम दरवर्षी तिथेच होतो.

प्रियदर्शिनी एका कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर. म्हणून आग लागली तर काय करायचं, हे बघायचं काम मंडळाने तिच्या गळ्यात मारलं. काम दिलं, पण ऐकायला कोणी तयार नाही!

आदल्या रविवारी तिने सराव घेतला. अलार्म वाजला की जवळच्या दाराने खाली जायचं, एवढं साधं सांगणं.

अलार्म वाजला... आणि झाडून सगळे पुढच्या दाराकडे.

का? तर चपला तिथे काढलेल्या.

"अहो, खरी आग लागल्यावरही चपला शोधत बसणार का?" ती वैतागली.

"मग अनवाणी जायचं का रस्त्यावर?" एकाने उलट विचारलं. "कालच घेतलेत बूट."

मागच्या दाराकडे कोणी फिरकलंसुद्धा नाही. फिरकून उपयोगही नव्हता. मंडळाचे अध्यक्ष उत्तमदादा यांनी त्या दाराला आपल्या सायकलची साखळी घालून कुलूप ठोकलं होतं. मुलं त्या जिन्याने पार्किंगमध्ये पळतात म्हणून.

"दादा, हे दार उघडंच पाहिजे."

"अगं, किल्ली माझ्या खिशातच असते. लागलं तर उघडतो की! तू फार टेन्शन घेतेस."

लेकीने, मैत्रेयीनेही सिंगापुरी थाटात तोंड घातलं, "मम्मी, रिलॅक्स लाह."

प्रियदर्शिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पालथ्या घड्यावर पाणी ओतणार तरी किती?

वेसाक डेच्या दिवशी हॉल पांढऱ्या कपड्यांनी भरून गेला. वंदना झाली, भन्तेजींचं प्रवचन सुरू झालं. प्रियदर्शिनीच्या सासूबाई, लीलाबाई, पुण्याहून आल्या होत्या. गुडघे पार गेलेले. इतर म्हाताऱ्या बायकांबरोबर शेवटच्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या, त्या साखळीच्या दाराजवळ.

आधी जळका वास आला.

मग दिवे गेले...

जेवण गरम ठेवायच्या भांड्याची वायर जळाली होती. बघता बघता धूर हॉलमध्ये पसरला. अलार्म वाजू लागला.

आणि पुन्हा तेच!

माणसं चपलांच्या ढिगात वाकून आपापला जोड शोधत होती. मागचे त्यांच्यावर पडत होते. "चपला सोडा! खाली चला!" दारात उभी राहून प्रियदर्शिनी गळा फाटेस्तोवर ओरडत होती. उत्तमदादा पहिल्या लोंढ्यातच खाली गेले. किल्लीसकट.

आणि सासूबाई मागे. कुलपाच्या दाराशी.

गर्दीला ढकलत ती उलटी आत घुसली. खोकत, चाचपडत शेवटच्या रांगेपर्यंत पोचली.

खुर्च्या रिकाम्या होत्या.

पुढच्या दाराने त्या बाहेर पडलेल्याच नव्हत्या. तिथे तर ती स्वतः उभी होती.

तिने साखळी ओढून पाहिली. कुलूप तसंच...

तेवढ्यात दारापलीकडून आवाज आला.

पावलांचा. अनवाणी पावलांचा. पुष्कळ जणी सावकाश, कठड्याला धरून जिना उतरत असाव्यात तसा.

"आई!" तिने दार बडवलं. कोणी ओ दिली नाही. आवाज खाली खाली गेला आणि थांबला.

ती पुढच्या जिन्याने धावत उतरली आणि इमारतीला वळसा घालून मागे गेली. पार्किंगमध्ये सगळ्या म्हाताऱ्या उभ्या होत्या. अनवाणी. लीलाबाई खांबाला टेकून धापा टाकत होत्या.

"आई, तुम्ही आलात कुठून?"

"मागच्या दाराने. त्या बाईने उघडलं ना."

"कोणत्या बाईने?"

"होती एक, पांढऱ्या साडीतली. म्हणाली, चपला राहू द्या, माझा हात धरा. हात गार होता गं तिचा..."

पांढऱ्या साडीत त्या दिवशी सगळ्याच होत्या. प्रियदर्शिनीने एकेकीला विचारलं. कोणीच हो म्हणेना.

बंब आले, आग विझली. मग उत्तमदादांनी खिशातून किल्ली काढून सगळ्यांसमोर ते कुलूप उघडलं. साखळीला साधा ओरखडा नव्हता. दादांचा चेहरा क्षणभर उतरला... क्षणभरच.

"काही का असेना, सगळे सुखरूप आहेत ना? म्हणजे आपली तयारी चांगलीच म्हणायची!"

प्रियदर्शिनीला हसावं की रडावं कळेना. वर्षभर ती प्रत्येक मीटिंगमध्ये भांडली. यंदा पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तेच दार, तीच साखळी. वर बायका म्हणतात, "ती आहे की आपल्याला न्यायला!" मागच्या रांगेसाठी आता चढाओढ लागते.

उद्या वेसाक डे आहे.

आज सकाळी प्रियदर्शिनीचा मला फोन आला. लीलाबाई यंदाही आल्यात. ती त्यांना सहज म्हणाली, "आई, उद्या पुढे बसा, माझ्याजवळ."

त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं.

"तुझा विश्वास नाही, म्हणून बोलले नव्हते," त्या म्हणाल्या. "खाली आल्यावर त्या बाईने माझा हात सोडला आणि पायरीवर मटकन बसली. म्हणाली... आजी, दमले हो मी. पुढच्या खेपेला माझ्याच्याने होणार नाही."

सासूबाईंना घरी ठेवता येईल. पण मागच्या रांगेतल्या बाकीच्यांचं काय?

प्रियदर्शिनी सकाळपासून उत्तमदादांना फोन लावते आहे.

ते उचलत नाहीत.