ज्या आवाजामागून काही येत नाही

धामणमाळावर रोज सकाळी दहाला भोंगा व्हायचा आणि एकाही माणसाची मान वर व्हायची नाही.

शार्दूल खिलारेच्या ही गोष्ट लक्षात आली तेव्हा तो शेजारच्या घाटगे मास्तरांच्या ओट्यावर उभा होता. मास्तर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या नळाची चकती बदलून झाली होती आणि ते त्याला आपल्या मोतीबिंदूची हकिकत सांगत होते. भोंगा सुरू झाला. तो चाळीस सेकंद वाजायचा, आणि असा, की शार्दूलचे दात झिणझिणायचे. मास्तर बोलतच राहिले. ते थांबले नाहीत, त्यांनी आवाजही चढवला नाही. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. भोंगा थांबला तेव्हा ते विचारत होते, "मग तुम्हाला काय वाटतं? करून घेऊ का ऑपरेशन?"

"मास्तर, आत्ता भोंगा झाला."

"भोंगा? तो बंद करून वर्ष झालं ना?"

शार्दूलला आधी वाटलं, म्हातारपण. पण मास्तरांनी, याचंच काहीतरी बिघडलंय, अशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं, आणि ती नजर त्याच्या डोक्यातून जाईना.

धामणमाळ ही शीतघराची वसाहत. देशभरातल्या लोकांसाठी विचार करणारी संगणकयंत्रं ज्या इमारतींमध्ये होती, त्यांना थंड ठेवणारा हा कारखाना. नळ्यांमधून अमोनिया फिरायचा, यंत्रांची उष्णता उचलून बाहेर आणायचा, आणि दुमजली घराएवढे चौसष्ट पंखे ती उष्णता माळावरच्या वाऱ्यात फेकायचे. पंखे कधीच बंद होत नसत. त्यांची घरघर भिंतीतून, गादीतून, ताटातल्या आमटीतून यायची. सुरुवातीच्या वर्षांत लोक चिडचिडे झाले, रक्तदाब वाढले, बिऱ्हाडं रिकामी पडू लागली. मग सरावपट्टी आली.

सरावपट्टी म्हणजे कानामागे त्वचेखाली बसवायची, डाळिंबाच्या दाण्याएवढी चकती. ती आवाज अडवत नसे. सततच्या आवाजाची सवय माणसाला एरवीही होतेच. घड्याळाची टिकटिक कोणाला ऐकू येते? फक्त त्याला महिने लागतात, आणि काहींना ती कधीच होत नाही. पट्टी तेच काम आठवडाभरात करायची. तीन वर्षांत वसाहतीतल्या तीनशे बारा माणसांनी ती बसवून घेतली. वसाहत पुन्हा झोपू लागली, भांडणं कमी झाली.

शार्दूलला मात्र पट्टीची मनाई होती. तो फिटर होता. लोखंडी गजाचं एक टोक बेअरिंगच्या आवरणावर आणि दुसरं कानाच्या हाडावर टेकवून कोणता पंखा दुखावलाय हे तो सांगायचा. त्याच्यासारखे तिघंच होते, प्रत्येक पाळीला एक.

त्या दिवसापासून तो लोकांवर पाळत ठेवू लागला. भोंग्याच्या वेळी कधी वाण्याच्या दुकानात, कधी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचा. कोणी घड्याळ पाहत नसे. कुत्री तेवढी भुंकायची.

तिसऱ्या दिवशी, सुटी होती म्हणून, तो घरीच थांबला. त्याची बायको मयूरी हिनेही पट्टी बसवून घेतली होती; ती वसाहतीच्या शिलाई केंद्रात काम करायची. त्या दिवशी ती घरी मशीनवर बसली होती. दहा वाजले. भोंगा झाला आणि संपला. तिची सुई एकसारखी चालत राहिली.

"अगं, ऐकलंस का?" तो दारातून म्हणाला.

ती वळली नाही.

"अगं, ऐकलंस का?" त्याने पुन्हा विचारलं. मशीन थांबलं होतं, ती दोरा ओवत होती, घरात पंख्यांच्या घरघरीशिवाय कसलाही आवाज नव्हता. त्याने फळीवरचा चमचा मुद्दाम खाली पाडला. ती दचकून वळली.

"इथेच आहात होय? कधी आलात?"

 मग पुढचे चार दिवस त्याने जे केलं त्याची त्याला नंतर लाज वाटली. तो तिच्या पाठीमागे उभा राहून बोलायचा आणि मोजायचा. दूधवाल्याची हाक तिला पहिल्या फटक्यात ऐकू यायची. फोन ऐकू यायचा, मास्तरांचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. समोर उभं राहून बोललं तर ती त्याच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायची. पण पाठीमागून, त्याच्या नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या शब्दांत तो काही म्हणाला, की जणू कोणी बोललंच नाही. तिच्या मनात काय आहे? ती रागावली आहे का? हे तिने ठरवून चालवलंय का? रात्रीच्या भाजीत मीठ जास्त असलं तरी त्याला त्यात हेतू दिसू लागला.

पाचव्या दिवशी तो डॉक्टर नाझनीन तांबोळींकडे गेला. पट्ट्या बसवायला त्या तालुक्याच्या गावाहून आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांच्या स्वतःच्या कानामागे पट्टी नव्हती. हे शार्दूलने पहिल्यांदा पाहिलं.

"मी इथे राहत नाही ना," त्या म्हणाल्या. नंतर त्यांनी दार लोटून घेतलं. "भोंग्याबद्दल आलात का?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे."

"बसा. पट्टीला पंख्याचा आवाज कोणता, भोंग्याचा कोणता, हे कळत नाही. मेंदूलाही कळत नाही. मेंदू प्रत्येक आवाजाला एकच प्रश्न विचारतो, तुझ्यामागून काही येतं का? दूधवाल्याच्या हाकेमागून दूध येतं. विजेच्या कडकडाटामागून पाऊस येतो. असे आवाज तो आत घेतो. ज्याच्यामागून पुन्हापुन्हा काहीच येत नाही, तो आवाज दारातूनच परत जातो. पट्टी हा निकाल फक्त लवकर लावते."

"आणि भोंगा रोज दहाला होतो."

"आणि रोज काहीच घडत नाही. एक हजार दिवस. मी दोन वर्षांपूर्वी कार्यालयाला लिहिलं, गॅसगळतीच्या भोंग्याची ही रोजची चाचणी थांबवा. उत्तर आलं, चाचणी कायद्याने बंधनकारक आहे. पुन्हा लिहिलं. त्या पत्राला उत्तर आलं नाही."

"मग गप्प का बसलात?"

त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलून पुन्हा ठेवली. "पट्ट्या काढल्या तरी लगेच उपयोग नाही, खिलारे. मेंदू शिकून बसलाय, विसरायला वर्षं जातील. आणि लोकांना विचारा, पुन्हा ती घरघर ऐकायला कोण तयार आहे? मला वाटलं, कधीतरी कोणी ऐकेल माझं."

शार्दूल उठला आणि दाराशी थांबला. बायकोचं कसं विचारावं, त्याला कळेना. शेवटी भिंतीकडे बघत त्याने सांगितलं.

 डॉक्टरांनी सावकाश विचारलं, "तुम्ही त्यांना काय म्हणता? रोज, नेहमी?"

"काय म्हणणार? जे सगळेच म्हणतात. ऐकलंस का. उद्या बघू. लवकर येतो. पुढच्या महिन्यात जाऊ तुझ्या माहेरी."

"आणि त्याच्यामागून काय येतं?"

तो बाहेर पडला. या बाईला आपल्या घरातलं काय कळतं, असं म्हणत तो पायी घरी आला. वाटेत त्याला आठवत होतं, की मयूरीच्या माहेरी जाऊन सात वर्षं झाली होती.

त्यानंतरच्या शनिवारी, साडेअकराला, एक्केचाळीस नंबरच्या पंख्याचं पातं तुटलं. ते उडालं आणि अमोनियाच्या मोठ्या नळीवर आदळलं. नाकात सुया घुसाव्यात तसा वास शार्दूलला कारखान्याच्या जिन्यावरच आला. त्याने झडपेकडे जाणाऱ्यांना मुखवटे दिले. तोवर भोंगा सुरू झाला होता. या वेळी तो थांबत नव्हता. शार्दूलने गच्चीवरून वसाहतीकडे पाहिलं. पांढरट धूर जमिनीलगत सरकत निघाला होता, आणि गल्ल्यांमध्ये माणसं भाजी निवडत होती, मुलं चेंडू खेळत होती, कोणी दोरीवरचे कपडे काढत होतं. घसा फाडून ओरडणाऱ्या त्या भोंग्याखाली सगळं शांत चाललं होतं.

तो विजेच्या गाडीवर बसून खाली निघाला. हाका मारून पाहिल्या. पण "भोंगा झालाय, बाहेर पडा" ही हाकही सुरक्षेच्या कवायतींमध्ये शंभरदा मारून झाली होती. दोघांनी हसून हात केला. तेव्हा त्याला सुचलं. गोदामाच्या कडेला पडलेला छपराचा पत्रा त्याने दोराने गाडीमागे बांधला आणि डांबरी रस्त्यावरून फरफटत नेला. असला किंचाळणारा आवाज धामणमाळावर कधी झाला नव्हता. खिडक्या उघडल्या, लोक कानावर हात ठेवून शिव्या देत बाहेर आले, आणि बाहेर आल्यावर त्यांना धूर दिसला. मग पळापळ झाली.

मयूरी शिलाई केंद्रातून सगळ्यांत शेवटी बाहेर पडली, कारण ती दोन म्हाताऱ्या बायकांना धरून आणत होती. तिच्या छातीत गॅस गेला. एकोणीस जणांना तालुक्याच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. घाटगे मास्तर मात्र दार लावून खिडकीशी चित्र काढत बसले होते. त्यांना बाहेर काढलं तेव्हा ते गेलेले होते.

चौकशी समिती आली. भोंग्याच्या नोंदी ठेवणारी पेटी गॅसने खाऊन टाकली होती, म्हणून समितीने माणसांना विचारलं. एकामागून एक माणूस उठला आणि शपथेवर म्हणाला, भोंगा झाला नाही. कोणी खोटं बोलत नव्हतं. डॉक्टर तांबोळींनी आपली दोन पत्रं पुढे ठेवली. तेव्हा कंपनीच्या वकिलाने नम्रपणे विचारलं, की तीनशे माणसांना भोंगा ऐकू आला आणि तरी आला नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे का. समितीतले एक जण हसले.

मयूरी काठी टेकत आली. तिचा आवाज बसला होता.

"भोंगा झाला नाही," ती म्हणाली. शार्दूलकडे तिने पाहिलं नाही.

भोंगा झालाच नाही, असा समितीचा निष्कर्ष निघाला; त्याची देखभाल शार्दूलकडे होती, म्हणून त्याची साक्ष कोणी धरली नाही. त्याला कामावरून दूर केलं. पात्यात मुळातच खोट होती, असा दुसरा निष्कर्ष निघाला. महिन्याभरात नवा भोंगा बसला, वेगळ्या सुराचा. रोज दहाला त्याची चाचणी होऊ लागली.

आता शार्दूल दिवसभर घरात असे. मयूरी खिडकीशी बसून सावकाश श्वास घेत असे. तो काही म्हणाला तर पुष्कळदा तिला ऐकू जात नसे. आता त्याला तिचा संशय येत नव्हता. काय घडतंय ते त्याला कळत होतं. एकदा तिला चहा देताना तो सहज म्हणाला, की लग्नाआधी तो तिच्या गावी जाऊन, कोणाला न सांगता, बसस्टँडवर तासभर तिला बघून आला होता. तिने चटकन मान वळवली.

"हे कधी सांगितलं नाहीत."

मग तो रोज काहीतरी नवं सांगू लागला. वडिलांची भीती वाटायची ते. नोकरीच्या पहिल्या दिवशी रडला होता ते. ती ऐकायची. पण तेच दुसऱ्यांदा सांगायला गेलं, की तिची नजर खिडकीबाहेर जायची. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास त्याच्या लक्षात आलं, की आपल्याकडचं संपत आलंय. एका माणसाच्या पोटात असं नवं किती असणार?

एक गोष्ट उरली होती. ती कोणालाच सांगायची नाही असं त्याने ठरवलं होतं. चार दिवस तो इकडचं तिकडचं बोलत राहिला आणि तिला त्यातलं अर्धंही पोचलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि त्याने खिशातून आपली कामाची डायरी काढली.

"पातं खराब नव्हतं," तो म्हणाला. "एक्केचाळीसचं बेअरिंग गेलं होतं, त्याच्या हादऱ्यांनी ते तुटलं. मी ऐकलं होतं. हे बघ, माझंच अक्षर आहे. 'बारीक खरखर. पाहायचं.' अपघाताच्या एकोणीस दिवस आधीची नोंद आहे. दुसऱ्या दिवशीही ती होती. तिसऱ्याही. पंखा चालतच होता, काही होत नव्हतं. मग मला ती ऐकू येईनाशी झाली. रोज गज लावत होतो, मयूरी. माझ्या कानामागे पट्टी नाही."

तिचा श्वास शिटी वाजल्यासारखा येत होता. तिने डायरी हातात घेतली, ते पान वाचलं, आणि भिंतीकडे पाहिलं. त्या भिंतीपलीकडून आता खोकला येत नव्हता.

"समितीला सांगितलंत?"

"नाही."

"डॉक्टरीणबाईंना?"

"नाही. सांगणार आहे. उद्या बघू."

शेवटचे दोन शब्द तोंडातून गेल्यावर त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते तिला ऐकू गेले की नाही, कळायला मार्ग नव्हता. तिने डायरी मिटून त्याच्या गुडघ्यावर ठेवली, दाराशी असलेल्या त्याच्या चपलांकडे पाहिलं, आणि हात मांडीवर घेऊन ती वाट पाहत बसली.