गोपीचंदचं पथ्य

गोपीचंदच्या पोटात काय जातं, यात जागेश्वर कंपाउंडरचा फायदा तो काय असणार? ना नात्याचा, ना गोताचा. तरी दवाखाना बंद झाला की सायकल हाणत तो तुमसर रोड स्टेशनाजवळच्या गोपीचंदच्या हॉटेलात यायचा आणि म्हाताऱ्याच्या ताटात वाकून बघायचा.

गोपीचंदची मुलगी रंभा कढईमागून बघायची. तिच्या मते हिशेब सरळ होता. दिवाळीत बाबांच्या छातीत कळ आली, नागपूरहून आलेल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी पथ्य लावलं, आणि त्यांच्या नजरेत भरायला हा झिजतोय. बाई कापलेल्या केसांच्या, गोऱ्यापान... आणि आपण? कपाळाला पीठ, पदराला तेल.

"काकाजी, तळलेलं नाही ना खाल्लं?"

"खायले देते कोण, बाप्पा!" गोपीचंद कण्हला.

"डॉक्टरीणबाई म्हणतात, भूमध्य समुद्राकाठच्या लोकायले हृदयाचा आजार कमी. मासोळी, डाळ, पालेभाजी, फळं खातात. तेल ऑलिव्हचं, तेही बेतानं. आपल्याकडे ते कुठं? थोडं जवसाचं घ्या म्हणतात."

"अन् श्वास केव्हा घ्याचा, हे नाही म्हणत डॉक्टरीणबाई?" रंभा फणकारली.

"तू कायले चिडून राहिली?"

"मी? मी कायले चिडू!" झारा कढईवर असा आदळला की बाकावरचा हमाल दचकून चहा सांडून बसला.

जागेश्वर हसला. जाताना नेहमीसारखे दोन आलूबोंडे कागदात बांधून मागितले.

"कोनासाठी नेता रोज?"

"आहे कोनी तरी..." आणि सायकलची घंटी वाजवत गेलासुद्धा.

कोनी तरी! रंभानं त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा टाकलं.

पथ्य मात्र तिनं सोडलं नाही. बोडीतली, म्हणजे गावतळ्यातली मासोळी, चण्याची भाजी, पेरू... बाबा जिना न थांबता चढू लागले. तपासायला नेलं तेव्हा बाई खूश झाल्या. "छान सांभाळलंस गं!" मग त्या जागेश्वरकडे वळल्या. "आणि हे आमचे कंपाउंडर बघ. लोकांना पथ्य सांगतात, स्वतः टेबलाआड आलूबोंडे खातात. पोट सुटलंय! मी आठवड्यातून एकदा तुमच्याकडे जा म्हटलं होतं, हे रोज जातात."

रंभाच्या हातातली पिशवी सुटली. पेरू घरंगळत टेबलाखाली गेले. ते वेचायला दोघंही वाकले.

"रोज... काहून?" ती पुटपुटली.

"तुझ्या हातचे होते न, रंभा... दुसऱ्याले कसे देऊ?"

"मले वाटलं, बाईले नेता."

"म्हणून आपटत होती झारा?" त्याचे डोळे चमकले. "मले वाटे, मी आवडत नाही."

"आवडत नाहीच," ती म्हणाली. पण पेरू द्यायला पुढे केलेला हात तिनं मागे घेतला नाही.

लग्न उन्हाळ्यात झालं. डॉक्टरीणबाईंना नाव मिळालं, गोपीचंदला तब्येत, रंभाला नवरा. किंमत मोजली ती एकट्या जागेश्वरनं. मांडवात पुऱ्या-भज्यांची पंगत उठत असताना नवरदेवापुढे वरण, पालेभाजी आणि पेरूची फोड आली.

"हे काय?" तो कळवळला.

नवरीनं घुंगट जरासा सारला. "डॉक्टरीणबाई म्हणतात."